न उघडलेला ब्रेक

तळहातावरच्या त्या काळ्या, गुबगुबीत गोळ्याकडे ताई बघतच राहिली. ते रबर होतं. पिकअपच्या ब्रेकच्या मुख्य सिलिंडरातून तिनं ते आत्ताच ओढून काढलं होतं… पण नऊ वर्षांपूर्वी तिनं श्वास रोखून, स्वतःच्या बोटांनी जे आत बसवलं होतं, ते हे नव्हेच! ते कडक होतं, नेटक्या कडेचं, नव्या बटणासारखं. हे भिजत घातलेल्या वाटाण्यासारखं फुगलेलं, दाबलं की बोटाला चिकटणारं. तिनं ते फिरवून पाहिलं. बाजू बरोबर होती. उलटं बसलेलं नव्हतं. कडेला ओरखडासुद्धा नव्हता.

शेडच्या पत्र्यावर दुपारचं ऊन तापत होतं. बाबा आतल्या खोलीत झोपले होते, आई स्वयंपाकघरात होती, धाकटा भाऊ कामावर. ताईच्या छातीत मात्र असं धडधडायला लागलं, की बंद गाडीचं इंजिनच कुणी सुरू केलं की काय असं तिला क्षणभर वाटलं.

ही डिझेल पिकअप धाकट्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. बाबांनी आयुष्यभर तिच्यावर मालवाहतूक केली, पण तिला गॅरेजचं तोंड कधी दाखवलं नाही. गाडी गॅरेजला पाठवणं म्हणजे घरच्या माणसाला शेजाऱ्याकडे जेवायला पाठवणं, असं ते म्हणायचे. घरामागची ही शेड हेच तिचं गॅरेज, आणि पाने-पकडी हातात देता देता ताईच बाबांची जोडीदार झाली. इंजिनाच्या आवाजावरून डिझेल फवारणारा कुठला इंजेक्टर रुसलाय ते ती सांगायची, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, की पोरीचा कान म्हणजे डॉक्टरची नळी आहे.

मग ते रबर आलं. ब्रेक जरा मऊ लागतो म्हणून तिनं सिलिंडर उघडून नवी रबरं बसवली, पहिल्यांदाच एकटीनं. बाबा शेजारी नुसते उभे होते, अभिमानानं. त्यानंतर आठव्या दिवशी लाकडाच्या वखारीखालच्या उतारावर धाकट्याच्या पायाखालचं पेडल पोकळ गेलं, गाडी भिंतीवर आदळली, आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोराचा डावा गुडघा कायमचा निकामी झाला.

हॉस्पिटलच्या बाकावर बाबांनी आईला एकच विचारलं होतं, तेही हळू आवाजात. "रबरं तिनंच बसवली होती ना?"

आई खाली मान घालून बसली होती. ताईनंच "हो" म्हटलं.

तेव्हापासून तिनं ब्रेकला हात लावायचा नाही, असं ठरलं. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं… गाडी ओढून आणून शेडमध्ये उभी केली गेली ती तशीच. दर रविवारी बाबा इंजिन सुरू करायचे, पाव तास चालू ठेवायचे, बंद करायचे. फाटकाबाहेर तिचं चाक गेलं नाही. ठरत आलेलं लग्न ताईनं स्वतः मोडलं. धाकट्याला व्यायामाला रोज कोण नेणार? पडद्यांच्या दुकानात ती शिवणकाम करायला लागली. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, मला सासूपेक्षा शिलाई मशीन परवडतं. लोक हसायचे आणि विषय संपायचा. पण भावाला लंगडत फाटकातून जाताना पाहिलं, की तिची नजर जमिनीला चिकटायची. नऊ वर्षांत तिनं त्याच्याकडे सरळ असं पाहिलंच नव्हतं.

आता गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचा हट्ट धाकट्याचाच होता. रोपवाटिकेत दिवसभर गल्ल्यावर बसून तो कंटाळला होता, आणि स्वतःची गाडी असेल तर रोपं पोचवायचं काम तुझंच, असं मालकीणबाईंनी त्याला सांगितलं होतं. "ताई, माझा गुडघा कुरकुरतो आणि हिचा क्लचही कुरकुरतो," तो म्हणाला होता. "एकापुढे डॉक्टरनं हात टेकलेत. दुसरा तू बघ." बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की बाकी सगळं तिनं करावं, ब्रेक बाजारातला मिस्त्री करील.

दोन महिने ताई दुकानातून आली की शेडमध्ये शिरत होती. डिझेलच्या तडकलेल्या नळ्या बदलल्या, इंजेक्टर साफ केले, डाव्या पायाला जड जाऊ नये म्हणून ऑइलवर चालणारा हलका क्लच बसवला. पुढच्या चाकांना डिस्क आणि पेडलला बूस्टर, म्हणजे थोड्या दाबात पक्का ब्रेक, असं सामानही येऊन पडलं होतं. मिस्त्री मात्र एकदा आला, गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि भंगारवाल्याचा नंबर हवा का विचारू लागला. बाबांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं ते त्याची पुढली-मागली पिढी काढतच. दुसरा तीन आठवडे उद्या येतो, उद्या येतो म्हणत राहिला. गाडी रस्त्यावर आणायला लागणारी सरकारी तपासणी चार दिवसांवर आली. म्हणून आज, बाबांचा डोळा लागल्यावर, ताईनं नऊ वर्षं न उघडलेला तो सिलिंडर उघडला होता…

तिनं स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि सिलिंडरच्या तळाशी साचलेल्या तेलाचे चार थेंब त्यात सोडले. ब्रेकचं ऑइल पाण्यात विरघळतं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. थेंब विरघळले नाहीत. पसरले, चकाकले आणि तरंगत राहिले.

इंजिन ऑइल! ब्रेकच्या रबराला इंजिनाचं तेल म्हणजे विषच. आठ दिवसांत फुगवून टाकतं, मग ते दाब धरतच नाही. तिनं तर नव्या डब्यातलं ब्रेक ऑइल घातलं होतं, सील तिच्याच हातांनी फोडलं होतं. मग हे वरून कुणी ओतलं?

उत्तर शोधायला कुठं जावं लागणार होतं? रोज सकाळी बॉनेट उघडून कमी झालेलं तेल भरायचा हात एकच होता. दोन्ही तेलं मोठ्या डब्यांतून औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत काढून दाराआडच्या फळीवर ठेवायची, हा घरचा रिवाज. डावीकडे ब्रेकचं, उजवीकडे इंजिनाचं. बाटल्या सारख्या, तेलाचा रंगही जवळजवळ सारखा. वर चिठ्ठी लावू म्हटलं की बाबा हसायचे. हाताला ठाऊक असतं, डोळ्यांना कशाला त्रास, म्हणायचे.

म्हणजे बाबांनी…

नऊ वर्षं जो दगड तिनं उराशी बांधून वागवला, तो तिचा नव्हताच! आनंद व्हायला हवा होता… पण डोक्यात एकच प्रश्न घणासारखा आदळत होता. बाबांच्या हातून असं झालं कसं? जो हात अंधारातसुद्धा चुकत नव्हता, तो चुकला कसा?

दारात कपबशी किणकिणली. आई चहा घेऊन आली होती. तिची नजर वाटीवर गेली, मग लेकीच्या तळहातावर… आणि कप बशीतून निसटून खाली फुटला. आईनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ताईला दुसरा धक्का बसला तो इथं. आईच्या चेहऱ्यावर भीती होती, पण आश्चर्य… आश्चर्य अजिबात नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?"

आई दाराआडच्या रिकाम्या फळीकडे बघत बोलायला लागली, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी. त्या आठवड्यात तिनं फळी पुसली होती. तेलकट कागद बदलला, बाटल्या पुसून परत ठेवल्या. डावी उजवीकडे गेली, उजवी डावीकडे. तिला ते कळलंही नाही. अपघाताच्या दिवशी हॉस्पिटलातून कपडे न्यायला घरी आली, तेव्हा डावीकडची बाटली अर्धी रिकामी दिसली. झाकण काढून वास घेतला. तीस वर्षं नवऱ्याचे कपडे धुतलेल्या बाईला इंजिनाच्या तेलाचा वास कळणार नाही? तिनं दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

"तुझे बाबा त्याच्या खाटेपाशी पाणीसुद्धा न पिता बसले होते," आई म्हणाली. "आपल्याच हातानं पोराचा पाय गेला, हे त्यांना कळलं असतं तर ते उठलेच नसते गं… असं मी मनाला सांगितलं. पण खरं सांगू? ते माझंच होतं. बाटल्या मी हलवल्या होत्या. आणि त्यांनी तुझं नाव घेतलं, तेव्हा मी गप्प बसले. वाटलं, ही तरुण आहे, ही सोसेल. मग तू खरंच सोसत गेलीस… लग्न मोडलंस… तेव्हा तर तोंड उघडायची माझी लायकीच उरली नाही."

बाबांनी दोष दिला तो न जाणता. पण आई जाणून होती! रोज सकाळी तिच्या डब्यात दोन घास जास्त भरणारी, ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी आई… ती सगळी माया होती, की परतफेड? तिला आईला गदागदा हलवावंसं वाटलं. पण समोर उभ्या असलेल्या त्या वाळक्या बाईला हात लावला तर ती मोडून पडेल अशी तिची अवस्था होती.

"सांग तू त्यांना," आई म्हणाली. "मी अडवणार नाही."

फुटलेल्या कपाचा आवाज आत गेला असणार. पायांत चपला न घालताच बाबा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. सुटा पडलेला सिलिंडर त्यांनी पाहिला, आणि नऊ वर्षांत तिच्यावर कधी न चढलेला आवाज चढला. ब्रेकला हात लावायचा नाही असं बजावलं होतं की नाही? एकाचा पाय घेऊन भागलं नाही का?

ताईनं मूठ मिटली होती. वडिलांचे पांढरे केस झोपेतून उठल्यामुळे एका बाजूला उभे राहिले होते. गेल्या वर्षीच डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाला जपायला सांगितलं होतं. त्या एका क्षणात तिनं काय तोललं, काय सोडलं, ते तिलाच ठाऊक… दगड नाहीतरी सवयीचा झाला होता.

"रबर उलटं बसलं होतं, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "चूक माझीच होती. आज डोळ्यांनी बघितलं. आता नीट बसवते."

"खोटं बोलतेय ती."

आईचा आवाज इतका बारीक होता, की बाबांना तो आधी कुणाचा तेच कळलं नाही. पुढं येऊन आईनं लेकीची मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. मग फळीबद्दल, बाटल्यांबद्दल, मोरीत ओतलेल्या तेलाबद्दल सगळं सांगितलं. रडली नाही, फक्त मध्ये मध्ये थांबत होती.

बाबांनी रबर उचललं. दाबलं. नाकाशी नेलं. जुन्या कारागिराला याहून जास्त पुरावा लागत नाही. ते भिंतीला टेकवलेल्या टायरवर हळूहळू बसले.

"मी कधी उघडूनच पाहिलं नाही," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. दर रविवारी पाना हातात घ्यायचो आणि ठेवायचो. वाटायचं, उघडलं आणि तुझी चूक ढळढळीत दिसली, तर तुझं तोंड कसं बघू… म्हणून नाही उघडलं. आणि तरी तुला गुन्हेगार ठरवून मोकळा झालो." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "तेल याच हातानं ओतलं मी, पोरी."

कुणीतरी दाराच्या चौकटीला टेकलं. धाकटा होता. कामावरून लवकर आला होता, आणि किती वेळ तिथं उभा होता कुणास ठाऊक. तिघांच्याही माना खाली गेल्या. ज्याचा पाय गेला, त्याला काय सांगायचं?

त्यानं एकेकाकडे पाहिलं. चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. "नऊ वर्षं," तो म्हणाला, "पाय माझा, आणि त्याबद्दल मला सोडून सगळ्यांनी ठरवलं." मग लंगडत ताईसमोर आला. "मी तुझ्यावर कधी रागावलोच नव्हतो गं. मला वाटायचं, मी लंगडा झालो म्हणून तुला माझ्याकडे बघवत नाही."

ताईनं मान वर केली. त्याच्या कानशिलाजवळ दोन-तीन केस पांढरे झाले होते. ते कधी झाले, तिला माहीतच नव्हतं… आणि मग इतका वेळ अडलेलं सगळं एकदम फुटलं. तेलकट हातांनीच तोंड झाकून ती हमसून हमसून रडली.

सगळं त्या दिवशीच विरघळलं असं नाही. आईशी ती दोन दिवस बोलली नाही. आईनंही बोलावलं नाही. धाकटा जेवायला बसायचा आणि उठून जायचा. बाबांनी त्या दोन दिवसांत पुढच्या चाकांचे जुने ड्रम उतरवले, डिस्क बसवताना ताईला पाने दिले, ती मागेल तो, मागेल तेव्हा. नवा सिलिंडर बसला, बूस्टर बसला.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी फक्त ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची उरली. हे काम एकट्याचं नाही. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी बारीक पेच सैल करून हवा बाहेर सोडायची, पेच आवळायचा आणि मगच पेडलवरचा पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा परत आत. बाबा न सांगता चालकाच्या जागेवर चढून बसले. धाकटा उजेड दाखवायला हातातली बॅटरी घेऊन चाकापाशी आला.

बॉनेटपाशी तेल ओतायला कुणी नव्हतं. ताईनं नवा सीलबंद डबा उचलला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि आईपुढे धरला.

आईनं हात मागं घेतले. "मला नको गं सांगू… मी नाही."

"पातळी या रेघेखाली गेली की ओतायचं," ताई म्हणाली. "मी खाली असेन, मला दिसणार नाही. तूच बघायचंस."

आईनं डबा दोन्ही हातांनी धरला, तान्हं मूल धरावं तसा.

मग ताई चटई टाकून गाडीखाली सरकली आणि सगळ्यांत लांबच्या चाकापासून काम सुरू झालं. "दाबा… धरा." पेच सैल झाला की फसफसत बुडबुडे यायचे, तेल यायचं. पेच आवळला की "सोडा." पुन्हा दाबा, पुन्हा धरा. दुसरं चाक झालं, तिसरं झालं. वरून आई घोगऱ्या आवाजात सांगायची, रेघेवर आहे, रेघेवर आहे. बुडबुडे कमी होत गेले. चौथ्या चाकाला बाबांच्या अगदी पायाखाली ती आडवी होती. नळीतून स्वच्छ, अखंड धार आली. एकही बुडबुडा नव्हता.

तिनं पेच आवळला. "झालं, बाबा. सोडा."

पाय उचलल्याचा आवाज आला नाही.

"सोडा बाबा. पेडल कडक झालंय ना?"

"झालंय," वरून आवाज आला. तो ओला होता. "राहू दे जरा दाबलेलं…"

धाकट्यानं बॅटरी विझवली. ताई पाना हातात धरून तशीच गाडीखाली पडून राहिली. तिला घाई नव्हती.