थांबा म्हणून गेलेली

कापसाच्या जिनाच्या इंजिनावर भरून घेतलेली बॅटरी सायकलच्या मागे दोरीने आवळून उत्तमराव घराकडे निघाला, की कारंज्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या हमखास त्याची वाट अडवायच्या. "काहून उत्तमराव, आज हवेत भेंडीचा काय भाव निंगाला?" तो हसायचा, पण थांबायचा नाही. बॅटरीतलं तेजाब हिंदकळलं तर धोतराची चाळणी होते, हे लोकांना सांगायचं कारण. दिवेलागणीच्या आत घर गाठायचं असे, हे खरं कारण.

दुसरं महायुद्ध तोंडावर आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. बिनतारी यंत्राचा शौक काय असतो हे गावात दोघांनाच ठाऊक. एक हा उत्तमराव, मळेवाल्याच्या घरचा, जिनात इंजिन सांभाळणारा. दुसरा हिरालाल, रुईच्या व्यापाऱ्याचा मुलगा. हिरालालकडे पैसा आणि सरकारी परवाना, उत्तमरावाकडे हात. संध्याकाळी दोघे आपापल्या घरी हेडफोन लावून बसत आणि तारेच्या चावीवर कट्ट-कडकट्ट करत, ठिपक्या-रेघांच्या लिपीत एकमेकांशी बोलत. बोलणं तरी कसलं? तुझा आवाज आज साफ आहे, माझी तार कडुनिंबावर अजून हातभर वर घेतली, नवा व्हॉल्व तापतो फार. बायका माहेरच्या गप्पा मारतात तितक्याच चवीने हे दोघे तारांच्या गप्पा मारायचे. ऊन उतरलं की लांबचे आवाज जवळ येतात, म्हणून वेळ दिवेलागणीचीच.

या शौकाच्या रीती सोवळ्याइतक्या कडक. आधी ऐकायचं, मग बोलायचं. दुसऱ्यांचं चाललं असेल तर मध्ये घुसायचं नाही. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी घ्यायचं, आणि आपलं नाव आलं की ओ द्यायचीच. कोणी 'थांबा' म्हणून उठला, तर तो परत येईस्तोवर त्याची जागा राखून बसायचं. आणि समाप्तीची खूण दिल्याशिवाय कोणी उठायचं नाही. ती दिली की मात्र पुढे कोणी एक अक्षर बोलायचं नाही.

उत्तमरावाची बायको रुख्मिणी. चुलीपाशी भाकरी थापता थापता तिने हे सगळं कानानेच उचललं. एके दिवशी परातीच्या काठावर बोटाने टकटक करून तिने विचारलं, 'वांगं का डाळ?' उत्तमराव उडालाच. मग त्याला चेवच चढला. ती पहिलटकरीण, बाळंतपणाला किन्हीराजा गावी माहेरी जाणार म्हणताच त्याने तिच्यासाठी एक लहानसं यंत्र जोडलं. तिकडे तिचा भाऊ रंगराव चिंचेवर चढला, तार बांधली. उत्तमरावाचं यंत्र हिरालालच्या परवान्यावर खपून जायचं, या दुसऱ्या यंत्राला मात्र तोही आडोसा नव्हता. हिरालालने डोळे मिटून घेतले, मित्र कशाला म्हणतात मग.

तेव्हापासून दिवेलागणीला किन्हीराजाहून हाक यायची. पण अडचण अशी, की रुख्मिणी नवऱ्याचं नाव घेईना. हवेवरची रीत काही का असेना, ती चावीवर नुसतं 'अहो' म्हणायची.

"वहिनी, असं अहो केलं तर साऱ्या वऱ्हाडातले नवरे 'काय वं' म्हनतीन!" हिरालाल रीत मोडून मध्ये घुसायचा.

"बारशाले घेईन नाव," तिचं उत्तर यायचं. "पाळन्यापाशी उभी राहून. तवरिक अहोच."

बाकी सगळ्या रीती मात्र ती दोघांपेक्षा काटेकोर पाळायची. एकदा उत्तमराव समाप्तीची खूण न देता जेवायला उठला, तर दुसऱ्या दिवशी तिने त्याला असं झापलं की बिचाऱ्याने कान धरले.

आषाढातली ती संध्याकाळ. पोरगी झाली तर नाव आवडी ठेवायचं, असं ती सांगत होती. मध्येच तिचा हात अडखळला. दोन अक्षरं वाकडी पडली. मग तिने सावकाश, नीट पाठवलं, 'थांबा.'

उत्तमराव थांबला. आई हौसाबाई दोनदा जेवायला बोलावून गेली. कंदिलातलं तेल संपलं, बॅटरी मंदावली, तरी त्याने कानावरचं काढलं नाही. किन्हीराजा काही हाकेच्या अंतरावर नाही आणि नदीनाल्यांना पूर. तो जाणार तरी कसा? सकाळी चिखलाने माखलेला रंगराव दारात आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"पोरगी झाली, दाजी," तो म्हणाला. "रुख्मा गेली."

सगळं दिवसकार्य उरकून उत्तमराव तान्हीला आणि त्या लहान यंत्राला छकड्यात घालून घरी आला. यंत्राचे व्हॉल्व काढून कापसात गुंडाळले, बॅटरी उपडी करून रिकामी केली आणि पेटी माळ्यावर टाकली. आता त्या चावीला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं. माणूस ठरवतो खूप. आठ दिवसांनी दिवेलागणीला त्याचे पाय आपोआप आपल्या यंत्राकडे वळले. हिरालालशी दोन शब्द बोलावे, एवढंच मनात होतं.

कानात खरखर होती. त्या खरखरीच्या पार तळाशी, डासाच्या गुणगुणीइतकं बारीक, काहीतरी वाजत होतं. त्याने हेडफोन कानांवर दाबून धरले.

'अहो... आली मी.'

तो ओरडला नाही, पळालाही नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि हात चावीवर गेला. कोणी म्हणेल, भ्यायला हवं होतं. ज्याचं माणूस असं बोलता बोलता उठून गेलंय त्याला विचारा, भीती कुठे राहते ते.

'कुठी हायेस तू?' त्याने विचारलं.

'मालूम नाई. अंधार हाय. तुमचा आवाज येते तिकडं चालून राह्यली.'

त्यानंतर एकही संध्याकाळ चुकली नाही. रीतीप्रमाणे तो रोज तिला सांगायचा, आज कालच्यापेक्षा साफ, आज अजून साफ. आवाज वाढला की त्याला बरं वाटायचं. त्याने तार आणखी वर बांधली, नवी बॅटरी आणली. ती एकच विचारायची, लेकरू कसं आहे, दूध पिते का, कोणावर गेली. तो सगळं सांगायचा. समाप्तीची खूण मात्र दोघांपैकी कोणीच देत नव्हतं. तो नुसता 'थांब' म्हणून उठायचा.

इकडे तान्ही सुकत चालली होती.

"उत्तम, ह्या पोरीचं काई खरं नाई रे बाप्पा," हौसाबाई एक दिवस म्हणाली. तिच्या हातात बकरीच्या दुधाची वाटी तशीच होती. "दिवसभर रडते, तवा मले बरं वाटते. पन तू तिकडं टकटक कराले बसला, की हे गप होते. डोये उघडे, दाराकडं पाह्यते. दूध ओठावरून खाली वाहून जाते. हात लावून पाह्य, कशी थंडी पडते."

"दृष्ट काढ, माय," तो म्हणाला आणि यंत्राकडे गेला. त्या दिवशी रुख्मिणीचा आवाज फार सुंदर येत होता.

भाद्रपदात युद्ध पेटल्याची बातमी आली आणि पाठोपाठ सरकारी हुकूम. शौकिनांचे परवाने रद्द, सगळी यंत्रं ठाण्यात जमा करायची. ते सांगायला हिरालाल तिसऱ्या प्रहरी आला. बातमी सांगून झाली तरी तो उठेना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली.

"उत्तम, मले एक सांग. ते किन्हीराजाचं यंत्र कुठी हाय?"

"माळ्यावर. काहून?"

"मी रोज ऐकून राह्यलो." हिरालालने मान खाली घातली. "दोघाइचं चाललं असते, मध्ये घुसू नाई म्हनून बोललो नाई. वहिनीचा हात मी वळखतो. बोट हलकं पडते तिचं. पहिल्यांदा मले वाटलं, तूच दुःखानं दोन्ही बाजू वाजवून राह्यला."

उत्तमरावाने माळ्याकडे पाहिलं.

"मंग मी ती चौकटीवरची फिरती तार लावली. जिकडून आवाज येते तिकडं ते तोंड करते, तुले ठावं हाय. किन्हीराजाकडं फिरवली, तर काईच नाई. चारी दिशेनं फिरवली..." त्याचा आवाज खाली गेला. "तुझ्या घराकडं तोंड करून उभी राह्यली ते. तुझा आवाज न् तिचा आवाज, एकाच घरातून येतेत. आन् काल्ह तिचा तुझ्याहून मोठा होता."

आतल्या खोलीत पाळण्याची कडी किरकिरली. हौसाबाई परसात होती.

"रोज जवळ येऊन राह्यली, उत्तम," हिरालाल कुजबुजला. "कायच्यासाठी येऊन राह्यली, इचारलं तिले?"

हिरालाल गेला. उत्तमराव आत जाऊन पाळण्यापाशी उभा राहिला. ऊन अजून उतरलं नव्हतं आणि तान्ही कण्हत होती. तिच्या मनगटाला बांधलेला काळा दोरा आता सैल होऊन कोपरापर्यंत सरकत होता. हा दोरा घट्ट बसला होता, हे त्यानेच पाहिलं होतं. रोज तार वर चढवत होता तो, आणि वाट कोणाला करून देत होता? बापाला कळायला इतके दिवस लागले. त्याला स्वतःची शरम वाटली आणि त्याहूनही जास्त वाईट वाटलं ते याचं, की आज रुख्मिणीला निरोप द्यावा लागणार.

हौसाबाईने देवापाशी निरांजन लावलं. त्याने हेडफोन कानाला लावले. आज खरखर नव्हतीच. घरात बाळंतिणीच्या खोलीचा वास भरून आला होता, शेपा आणि ओव्याच्या धुरीचा. रुख्मिणी तर या घरात बाळंतीण झालीच नव्हती.

'अहो. आज लय जवळ आली. पाळना दिसून राह्यला.'

'रुख्मा...'

'लेकरू भुकं हाय. घेऊ तिले?'

आत तान्हीचं कण्हणं एकदम थांबलं. हौसाबाईची हाक आली, "उत्तम! अरे, पोरगी पाह्य कशी करते!"

अक्षरं वेडीवाकडी पडत होती. 'नको घेऊ. राहू दे तिले माह्यापाशी.'

मग अगदी हळू, 'इथं थंडी हाय हो. कोनीच नाई.'

उत्तमरावाने तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला, आईला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून. 'तू थांबा म्हनलं. मी थांबलो. एक दिस चुकवला नाई. आता मले बंद करू दे, रुख्मा.'

'तुमी उठले तर मी कोनाशी बोलू?'

त्याने चावी धरली, आणि ज्या हाताने तिला पहिलं अक्षर शिकवलं होतं त्याच हाताने समाप्तीची खूण पाठवली. नीट, सावकाश, एकही ठिपका न चुकवता.

मग तो ऐकत बसला. एकदा, फक्त एकदा तिने रीत मोडावी, भांडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला वाटत होतं. पण रुख्मिणीने कधी रीत मोडली होती? कानात नुसती शांतता होती. आणि आतून तान्हीने असा टाहो फोडला, की शेजारच्या गोमतीबाई धावत आल्या. पोरगी भुकेने रडत होती. वाटीभर दूध तिने घटाघटा संपवलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रं ठाण्यात जमा झाली. कडुनिंबावरची तार काढली, तिच्यावर हौसाबाई धुणं वाळत घालू लागली. पोरीच्या अंगावर मूठ मूठ मांस चढलं. दोरा पुन्हा घट्ट झाला आणि सोडून मोठा बांधावा लागला. दसरा झाल्यावर हौसाबाई म्हणाली, राहिलेलं बारसं आता करून घेऊ. माय नसलेल्या लेकराचं बारसं, म्हणून गर्दी केली नाही. गोमतीबाई, आळीतल्या चार बायका, रंगराव आणि हिरालाल. घुगऱ्यांचा वास दरवळत होता. वेळ भर दुपारची.

पाळणा सजवला. हौसाबाईने मुलीला उचललं आणि पाळण्याखालून पलीकडे गोमतीबाईच्या हातात दिलं. "कोनी गोविंद घ्या..." गोमतीबाईने वरून परत दिलं. "कोनी गोपाळ घ्या..." आत्या नव्हती, म्हणून हौसाबाईच मुलीच्या कानाशी वाकली आणि नाव सांगितलं, आवडी. बायकांनी कुर्र केलं. मग रीतीप्रमाणे सगळ्याजणी क्षणभर गप्प झाल्या, कारण या घटकेला बाळाच्या आईने पाळण्याचा दोर धरून नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं. कोणी तसं बोललं नाही, पण आठवलं सगळ्यांनाच. गोमतीबाईने डोळ्याला पदर लावला.

त्या शांततेत पाळण्याच्या लाकडावर टकटक झाली.

"पाल चुकचुकली," हौसाबाई म्हणाली आणि जमिनीवर बोट वाजवून कृष्ण कृष्ण म्हणाली.

उत्तमरावाने मान वर केली. समोर हिरालाल उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. मुलगी हौसाबाईच्या मांडीवर होती. पाळणा रिकामा होता आणि त्याचा दोर कोणी ओढावा तसा ताणलेला होता. लाकडावर हलक्या बोटाने, एकेक अक्षर लाजत, अडखळत उमटत होतं. 'अहो' नव्हतं ते. ते त्याचं नाव होतं, अख्खं. जन्मात पहिल्यांदा तिने घेतलेलं.

नाव संपलं. पाठोपाठ ती छोटी खूण आली, जिचा अर्थ, आता तुम्ही बोला.

नाव घेऊन हाक आली की ओ द्यायची, ही रीत. आवडी आजीच्या मांडीवरून बापाच्या हाताकडे टक लावून पाहत होती. उत्तमरावाने उजवा हात डाव्या हातात घट्ट आवळून धरला.