ओळखवेळ

सायंतारा आश्रमात नवीन माणूस दाखल होणार असलं की त्या मजल्यावर कुणी उदबत्ती लावत नसे. स्वयंपाकघरातली फोडणी थांबे, फुलांच्या परड्या बाहेर जात आणि नेमलेली सेविका बिनवासाच्या साबणाने न्हाऊन येई. मग ती आणि ते म्हातारं माणूस एका बंद खोलीत हातात हात घेऊन दोन तास बसत. त्या दोन तासांना तिथे ओळखवेळ म्हणत.

कराडच्या संगमाजवळचा हा आश्रम काही जगावेगळा नव्हता. गावोगावी म्हातारी माणसं उदंड झाली होती आणि त्यांची लेकरं दूरदेशी होती. पगारावर सेवा मिळते, पण कूस बदलताना हात हळुवार पडावा एवढी माया पगारावर मिळत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. विज्ञानाने त्यावर तोड काढली ती मायामात्रेची. नाकात मारायचा साधा फवारा, पण त्यात दोन द्रव्यं. एक ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतिणीच्या अंगात दाटून येतं ते संप्रेरक. दुसरं वाढकारक, मेंदूतल्या पेशींना नवे फाटे फोडायला लावणारं. पहिलं द्रव्य दार उघडतं आणि दुसरं त्या दारातून कायमची पायवाट पाडतं. ओळखवेळेत जो वास नाकाशी असेल, त्या वासापासून थेट काळजापर्यंत. माणूस वारलं की सेविकेला सोडवण देत. ही उलटी मात्रा. तिने ती पायवाट मोडायची आणि बाईने पुढच्या माणसासाठी मोकळं व्हायचं.

ईश्वरी जगदाळेने अशी कितीतरी माणसं शेवटपर्यंत सांभाळली होती. त्यांची नावं तिला आठवत, कोण कसा घास घ्यायचा तेही आठवे. आत मात्र काही हलत नसे.

मग वामनबुवा कडेगावकर आले. जन्मभर कीर्तन केलेला माणूस. आवाज बसलेला, हात कापरे, डोळे मात्र अजून श्रोत्यांवरून फिरावेत तसे फिरणारे. अंघोळ झाल्यावर त्यांनी पिशवीतून पितळी डबी काढली.

"बुवा, आज बुक्का नाही लावायचा," ईश्वरी म्हणाली. "दोन तास वास नको. नियम आहे."

"कपाळ भुंडं ठेवून मी देवापुढे जात नाही, तुझ्यापुढे कसा येऊ? तूही त्याचंच देऊळ की." बुवा हसले. "का डॉक्टरीणबाई रागवंल?"

ईश्वरीला लहानपणीचं रामाचं देऊळ आठवलं. आईच्या मांडीवर तिला झोप लागलेली असे. पूर्वरंग संपला की बुक्क्याचं तबक फिरे आणि कुणाच्या तरी गार बोटाने ती जागी होई. आई, मांडी आणि तो वास, तिघं एकच होतं तिला. चिमूटभर काळ्या भुकटीने काय होतंय, असं म्हणून तिने बुवांच्या कपाळी बुक्का लावला, बुवांनी तिच्या लावला, कीर्तनाच्या रीतीप्रमाणे दोघं एकमेकांच्या पाया पडले आणि मग तिने फवारा घेतला. त्या रीतीत वाढलेल्या माणसाकडूनच होईल अशी ही चूक.

पावसाळा आणि हिवाळा त्या मायेत गेला. ती पेज भरवायची आणि बुवा हळू आवाजात निरूपण करायचे. एकदा ती म्हणाली, "बुवा, सगळ्यांवर सारखी माया करावी, असं तुम्ही लोक सांगता. जमतं का हो कुणाला?"

"बोलायला जमतं," बुवा म्हणाले. "पण जगाची आई झालेल्या बाईच्या लेकराला एकदा हळूच विचारावं, 'बाळ, जेवलास का?' उत्तर ऐकावं, मग तिला संत म्हणावं." पेजेचा घोट गिळून त्यांनी पुढे सांगितलं, "आमची निम्मी कीर्तनं रंगलीच नाहीत, ईश्वरे. लोक जांभया देत, आपल्यालाही आत कोरडं लागे. पण रंग चढला नाही म्हणून झांज खाली ठेवली नाही कधी. ठेवतो तो हौशी."

माघात बुवा गेले. सोडवणीआधी आश्रमात त्यांच्या शिष्याचं कीर्तन ठेवलं होतं. पूर्वरंग झाला, तबक फिरलं, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला आणि ईश्वरीच्या छातीत काहीतरी फुटलं. समोर बुवांचे पुतणे दिनकरराव बसले होते. हाच माणूस तिला सकाळी, "तू पगारी बाई, पगारीच राहणार," असं बोलला होता. त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण पाहून तिला भडभडून आलं. तबलजी, झाडूवाला, कुणाच्या तरी सोबतीला आलेली परकी बाई, ज्याच्याकडे बघावं ते आपल्या पोटचं वाटू लागलं. हेच ते, तिला वाटलं. जन्मभर निरूपणात ऐकलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी डॉ. नसीम मुल्लाणींनी तिची तपासणी केली. मायामात्रा ज्यांनी घडवली त्यांतल्या त्या एक होत्या. त्यांनी वेगवेगळे वास ईश्वरीच्या नाकाशी धरले आणि पडद्यावर तिचा मेंदू पाहिला. बुवांच्या उशीच्या अभ्र्याला पडदा मंद उजळला. बुक्क्याला लखलखून गेला.

"ईश्वरीताई, तुमची गाठ बुवांशी बसलीच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "ती बुक्क्याशी बसली. मेंढीचं कोकरू मेलं की धनगर त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकरावर पांघरतात. मेंढी वास घेते आणि त्याला पाजते. तिच्या लेखी ते तिचंच असतं."

"म्हणजे मी मेंढी."

"आपण सगळेच. मीही."

ईश्वरी हसली नाही. "पण डॉक्टर, कातडं कुणाचं का असेना, पोरक्या कोकराचं पोट भरतंच ना? काल मला दिनकररावांत देव दिसला. त्यात वाईट काय?"

"वाईट मी म्हणत नाही. मी मेंदूचा हिशेब सांगते. वाढकारकाचा रस मर्यादित असतो. ज्या फांदीवर येणं-जाणं जास्त, ती जाड होते आणि बाजूच्या फांद्या वाळतात. तुमची ही वाट बालपणापासूनची, त्यावर आम्ही आणखी खत घातलं. आता बाकीच्या वाटा..." त्या थांबल्या. "घरी सगळं ठीक आहे ना? तनू कशी आहे?"

तनू तिची सात वर्षांची मुलगी. घरात त्या दोघीच. गेल्याच आठवड्यात जेवताना तनू म्हणाली होती, "आई, तू मला पाहुण्यासारखं वाढतेस." ईश्वरीने ते हसण्यावारी नेलं होतं.

"सोडवण घेतली तर?" तिने विचारलं.

"तर बुक्क्याची वाट मुळापासून जाईल. नवी आणि जुनी वेगळी काढता येत नाही. कीर्तनाला बसाल, ऐकाल, पण ते नुसतं गाणं असेल. आईच्या मांडीची आठवण राहील, ऊब राहणार नाही."

"आणि तनूची वाट?"

"रस मोकळा झाला की बहुधा पुन्हा पालवेल. मी शब्द देऊ शकत नाही."

"विचार करून सांगते," ईश्वरी म्हणाली. बुवांची डबी तिच्या पिशवीत होती.

त्या संध्याकाळी तनू दारात येऊन बिलगली, तेव्हा ईश्वरीने मुद्दाम स्वतःच्या आत पाहिलं. शेजारच्याचं गुणी मूल बिलगावं, तेवढंच वाटलं. तिने डबी उघडली आणि लेकीच्या कपाळी बोट टेकवलं. क्षणात सगळं परत आलं. पडलेला दात, मानेवरचा तीळ, घामेजलेले केस. तिने तनूला उराशी धरलं आणि पोटभर रडली. पोरगीही खुशीत आली. "आई, आज तू खरी वाटतेस," ती म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. न्हाणं झालं की बुक्का, शाळेतून आली की बुक्का. सोडवणीचा निरोप ईश्वरी पुढे ढकलत राहिली. देवाने दोन्ही राखलं, कीर्तनही आणि लेकरूही, असं ती स्वतःला सांगत होती. दिवा लावताना एकदा मनात आलंच: माया तनूवर येते, की डबीवर? त्या दिवशी तिने दिवा घाईने लावला.

एका सकाळी तनू न्हाऊन बाहेर आली. केस ओले, कपाळ स्वच्छ. ईश्वरीने हात पसरले. तनू पुढे आली नाही. ती देवघरात गेली, फळीवरची पितळी डबी दोन्ही हातांनी घेऊन आली, उघडून आईपुढे धरली आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

"आधी हे लाव," ती म्हणाली. "मग जवळ घे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाय धुऊन घरात यावं, तशी तिला ही रीत कळली होती. लेकराने आईजवळ जायचं तर आधी पास व्हावं लागतं.

ईश्वरीचं बोट डबीत टेकलं होतं. वास नाकापर्यंत आला होता आणि सारं देऊळ, सारी मांडी, सारे झांजांचे आवाज त्या वासामागे उभे होते. तिने बोट पदराला पुसलं. झाकण घट्ट लावलं, उठून खिडकी उघडली आणि डबी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून आली. मग फोन उचलून डॉ. मुल्लाणींना एवढंच म्हणाली, "मी उद्या येते. सोडवण द्या."

नंतर ती भुईवर बसली आणि तनूला तशीच, कोऱ्या कपाळाची, मांडीवर घेतलं. आत कोरडं होतं. तिने हात काढला नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली, ठेका धरल्यासारखा, वर खाली, वर खाली.

बऱ्याच वेळाने तनूने मान वर केली. आईचा चेहरा निरखून पाहिला आणि हळूच विचारलं, "माया आली?"

"अजून नाही," ईश्वरी म्हणाली. "तू बस मांडीवर."