मास्तरांचा आवाज उघडेना

तो तंत्रज्ञ, हॉस्पिटलात आला होता शेजारच्या वॉर्डातला प्रिंटर दुरुस्त करायला. तिने त्याला दारातूनच आत ओढलं.

"आधी हे बघा... प्लीज!"

ती वाचा-उपचार करणारी. समोर खाटेवर बसलेल्या मास्तरांच्या घशाचं दुपारी ऑपरेशन होतं. त्यानंतर त्यांचा आवाज जाणार होता. पुढे हातातलं यंत्र त्यांच्याच आवाजात बोलावं म्हणून तिने सारं रेकॉर्ड केलेलं. काही राहिलं असेल, तर आजच घ्यायला हवं होतं. पण फोल्डर दिसत होतं, उघडत नव्हतं. 'परवानगी नाही.'

रेकॉर्डिंगची डिस्क कोपऱ्यातल्या लिनक्स कॉम्प्युटरला लावलेली, तिथून नेटवर्कवर. त्याने सगळ्यांना परवानगी दिली. पुन्हा तेच.

"मी देतोय, पण ही घेतच नाहीये."

"कोण?"

"डिस्क... हट्टी आहे." मग तो थबकला. "ही विंडोजवर तयार केलेली का?"

"हो."

"मग मागून परवानगी देऊन उपयोग नाही. जोडतानाच सांगावं लागतं, मालक कोण ते."

त्याने डिस्क सोडवली, नेटवर्कचा जो वापरकर्ता होता त्याच्या नावाने पुन्हा जोडली. तिने श्वास रोखून क्लिक केलं.

"अगं, चहा गार होतोय..." रेकॉर्ड केलेला मास्तरांचा खर्जातला आवाज खोलीत घुमला. खाटेशेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, तोंडावर हात धरला.

तिने एकेक फाइल तपासली आणि एकदम कपाळाला हात लावला. "यांचं हसणंच राहिलं! आता, आजच्या दिवशी, कसं हसवू यांना?"

तंत्रज्ञाने डोकं खाजवलं. "मास्तर, मी गणितात इतका कच्चा होतो, की आमचे सर म्हणायचे, बाळा, पेपर कोराच दे. तपासायला बरा पडतो."

मास्तर खो-खो हसले – घोगरं, खोकत, डोळ्यांत पाणी येईतो. तिने रेकॉर्ड केलं. बघत मात्र ती त्याच्याकडे होती.

ऑपरेशन नीट झालं. मास्तर यंत्राने बोलायला शिकले, घरी गेले. मग एके दिवशी तिने त्याला फोन करून बोलावलं.

"काय अडलंय?" त्याने बॅग उघडत विचारलं.

"काही नाही. सगळं उघडतंय."

"मग?"

"दिवसभर मी लोकांना बोलायला शिकवते... पण एक वाक्य सकाळपासून मलाच जमत नाहीये."

"सावकाश. मला घाई नाही."

"तुम्ही... मला आवडता."

त्याने उघडलेली बॅग पुन्हा बंद केली. कान लालेलाल.

"अहो, आता तुम्ही बोला की!"

"तेच..." खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला. "शिकवाल का?"