काचेत अडलेलं ऊन

एखादी मुलगी वर्षभर नेमानं उन्हात बसते आणि उन्हातून मिळणारं जीवनसत्त्वच तिच्या अंगात वर्गात सर्वांत कमी निघतं. आता बोला!

चंद्रपूरच्या एका शाळेत, सन २०६१ च्या जानेवारीत, हे कोडं शलाका उमरेपुढे येऊन उभं राहिलं. शलाका बारा वर्षांची. समोर बसली होती शाळेची आरोग्य-यंत्रमानव. मुलं तिला नाडीताई म्हणत. नाडीताईला खोटं बोलता येत नसे, आणि गोड बोलायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"शलाका, तुझं ड जीवनसत्त्व फार कमी आहे," ती म्हणाली. "आणि तुझी रक्तातली साखर कुंपणावर बसली आहे. हा आजार नाही. पण ती पलीकडे उतरली, तर त्याला मधुमेह म्हणतात."

शलाकाचे डोळे भरून आले. "पण मी तर एकही दिवस ऊनघर चुकवलं नाही!"

ते खरंच होतं. चंद्रपूरचा उन्हाळा आता इतका कडक झाला होता की मुलं वर्षभर थंड खोल्यांतच खेळत. सवयच जडली होती म्हणा ना, हिवाळ्यातही कुणी बाहेर पडेना. म्हणून शलाकाच्या आजोबांनी, हर्षल उमरे यांनी, शाळेला ऊनघर बांधून दिलं होतं. चारी बाजूंनी आणि वरून काच, आत लखलखीत उजेड, पण झळ अजिबात नाही. काचेचं काम करण्यात त्यांची हयात गेली होती. रोज साडेदहाला वर्गानं तिथे वीस मिनिटं बसायचं आणि नाडीताईनं हजेरी मांडायची. येत्या शनिवारी आजोबांचा सत्कार होता, आणि तशीच चाळीस ऊनघरं आणखी चाळीस शाळांत बांधायची घोषणाही त्याच दिवशी व्हायची होती. शलाकाला तिच्या आबाजींचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! ऊनघरात ती पहिल्या रांगेत बसे, तीही ताठ.

"साखरेचा आणि उन्हाचा संबंध काय?" तिनं नाक पुसत विचारलं.

"आपण जेवतो, त्याची साखर होऊन रक्तात येते," नाडीताई सांगू लागली. "ती पेशींच्या आत गेली तर ताकद देते. पण पेशीचं दार बंद असतं. ते उघडायला लावतं इन्सुलिन (स्वादुपिंडात तयार होणारा एक रस). तुझं स्वादुपिंड, म्हणजे जठरामागची वीतभर लांबीची ग्रंथी, हा रस अगदी मोजूनमापून सोडतं. जेवण जास्त तर रस जास्त, उपास असला तर थोडा. जन्मल्यापासून एका दिवसाची रजा नाही."

"बाप्पा!" शलाका म्हणाली आणि तिनं नकळत पोटावर हात ठेवला.

"हा रस नीट सुटायला आणि पेशींनी त्याचं ऐकायला ड जीवनसत्त्वाची मदत होत असावी, असं दिसतं. ज्या मुलांत ते कमी असतं, त्यांच्यात साखर वाढलेली जास्त वेळा आढळते. पण ते कमी म्हणूनच साखर वाढते, असं ठामपणे सांगता येत नाही. खाणं, खेळ, झोप, वजन, घराण्यातला मधुमेह, हे सगळं त्यात असतं."

तेवढ्यात तिच्या वर्गातला धनेश मेश्राम स्वतःचा अहवाल पंख्यासारखा हलवत आला. "माझं ड जीवनसत्त्व एकदम झकास!"

शलाका त्याच्याकडे बघतच राहिली. हा पठ्ठ्या ऊनघराला रोज दांडी मारायचा!

"तू असतो कुठं रे त्या वेळी?"

"मागं, वांग्याच्या वाफ्यात. पाणी घालून राहतो ना मी. हजेरी कोण बघते? सरांना नको सांगू बरं."

वाफ्यात छप्पर नव्हतं. काचही नव्हती. शलाकाच्या मनात एक शंका आली, आणि ती तिला मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती नाडीताईला वाफ्याकडे घेऊन गेली. उन्हात सात रंगांपलीकडचे अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे) असतात, आणि त्यांतलेच काही आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व बनवतात. ते मोजायचा डोळा नाडीताईला होता, पण ते मोजायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वाफ्यात आकडा आला एकतीस. मग दोघी ऊनघरात गेल्या. उजेड तसाच लख्ख होता, आणि आकडा होता शून्य.

शलाकानं तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा शून्यच आलं.

अख्खा वर्ग वर्षभर कोरड्या विहिरीवर पोहरा घेऊन बसला होता म्हणायचा! आणि शनिवारला दोनच दिवस राहिले होते. गप्प राहावं, तर चाळीस शाळांतली पोरं फसणार. सांगावं, तर आबाजींचा सत्कार मोडणार, तोही तिच्या तोंडून. त्या संध्याकाळी ती ताटातला भात नुसताच चिवडत बसली.

"काऊन गं माय, जेवत काऊन नाहीस?" आबाजींनी विचारलं.

तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

आबाजींचा चेहरा उतरला. "माझी काच मला शिकवतेस?" ते जरा घुश्शातच म्हणाले आणि ताटावरून उठले. शलाकाला वाटलं, संपलं सगळं.

पण सकाळी ते चपला घालून दारात उभे होते. "चल. मला दाखव."

ते स्वतः वाफ्यात उभे राहिले, स्वतः ऊनघरात गेले. मग त्यांनी काचेवरून हात फिरवला.

"त्वचा भाजणारे किरण अडवायला मी या काचेवर खास लेप दिला होता," ते हळूच म्हणाले. "लेप नसता, तरी साध्या काचेनंही हे किरण बहुतेक अडवलेच असते. मला वाटलं, ऊन म्हणजे ऊन. बाकीचं डॉक्टरांनी पाहिलं असेल. डॉक्टरांना वाटलं, उमरेसाहेबांनी पाहिलं असेल. दिव्याखाली अंधार, पोरी!"

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. शाल पुढे आली तेव्हा आबाजींनी दोन्ही हात जोडले.

"थांबा. ही काच माझी आहे आणि चूकही माझीच आहे. या ऊनघरातून मुलांना उजेड मिळतो, ड जीवनसत्त्व मिळत नाही. चाळीस शाळांचं काम आजच थांबवा. हे मी शोधलं नाही. माझ्या नातीनं शोधलं, मोजून."

मग शाळेच्या डॉक्टर मडावी उभ्या राहिल्या. "मीही मोजलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. शलाकाला आबाजी त्या दिवशी शालीशिवाय जितके मोठे वाटले, तितके पूर्वी कधीच वाटले नव्हते.

सोमवारपासून मुलं खरोखरीच बाहेर जाऊ लागली. हिवाळ्यात, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की थोडाच वेळ. कातडी लाल होण्याआधी आत. उन्हाळ्यात वेळ डॉक्टर ठरवणार. शलाकाला त्यांनी जीवनसत्त्वाचा डोसही मोजून दिला. आपल्या मनानं जास्त घ्यायचा नाही, असं बजावलं. तिच्या रोजच्या गोड सरबताच्या बाटल्या बंद झाल्या आणि मैदानात लंगडी सुरू झाली.

एप्रिलमध्ये अहवाल आला. ड जीवनसत्त्व पुरेसं, साखर कुंपणाच्या अलीकडे. "उन्हानं उतरली, लंगडीनं, की सरबत सोडल्यानं?" शलाकानं विचारलं. डॉक्टर हसल्या. "एकट्या तुझ्यावरून नाही सांगता यायचं. पुष्कळ मुलांचं बघावं लागेल."

ती धावत घरी आली. आबाजी नव्या ऊनघराच्या आराखड्यावर वाकले होते. याचं छप्पर सरकणारं होतं, आणि काचेऐवजी ते किरण आत येऊ देणारा पातळ पडदा होता. अहवाल वाचून त्यांनी तिला जवळ घेतलं. मग कागदाच्या कोपऱ्यात, 'तपासणी' या शब्दापुढे, त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: शलाका उमरे.

"घे, कर सही. या खेपेस चाळीस नाही, चारशे शाळांत बांधा म्हणून राहिले लोक."

शलाकाचा ऊर भरून आला. तिनं पेन घेतलं, नावाकडे पाहिलं, शेजारी ठेवलेल्या पडद्याच्या तुकड्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"आबाजी, आधी मोजू या. सही मग."

आबाजींनी तो तुकडा उचलला आणि चपला पायांत सरकवल्या.