मधल्या कडव्यातला थांबा

बायकोला, लव्हिनियाला पुरून पाच महिने झाले होते. रविवारी दुपारी पियानोवादक थर्मन बीझलीनं रेडिओ लावला आणि तिच्यासाठी बांधलेली धून त्याच्या कानावर आली. ब्रॉडवेवरचा एक मोठा बँड ती वाजवत होता. धुनेचं नाव सांगितलं ‘चांदणी रात्र’. बांधणारा म्हणून नाव त्या बँडच्या मालकाचं.

मधल्या कडव्यात बँड क्षणभर थांबला. थर्मन कप ठेवून रेडिओजवळ सरकला.

दुसऱ्या दिवशी तो हार्लेममध्ये वादकांच्या संघटनेत एझ्रा पिंकनीसमोर बसला. एझ्रा पूर्वी ड्रम वाजवायचा. आता तक्रारी बघायचा.

“कागदावर उतरवली होतीस?”

“नाही. आमचा बँड कानानंच शिकतो. रेकॉर्ड करणार होतो, ‘लव्हिनिया’ नावानं. तिला कबूल केलं होतं मी. बाकी काही नको एझ्रा, तिचं नाव परत पाहिजे.”

“संशय कुणावर?”

“आमची गाणारी, कोरिन. भांडून त्याच बँडकडे गेलीय.”

“आणि तुझ्या बँडमधला ट्रम्पेटवाला डॅब्नी? तुझ्या खालीच राहतो ना?”

“लव्हिनिया आधी त्याच्याबरोबर फिरायची. अजून जळतो माझ्यावर. मी घरी पियानोला हात लावला की खालून झाडूच्या दांड्यानं छत बडवतो. तिच्या आजारपणात मात्र एकदाही नाही बडवलं. तेवढी माणुसकी आहे.”

एझ्रा भेटायला गेला तेव्हा कोरिन आरशासमोर केस सरळ करत होती.

“मी चोर? वा रे म्हाताऱ्या!”

“रेडिओवर ते मधल्या कडव्यात थांबतात. तो थांबा त्यांना तू शिकवलास?”

“थांबा? एकदा मी तिथे श्वास घेतला, तर थर्मननं पियानोचं झाकण आपटलं. ते कडवं एका दमात म्हणता म्हणता छाती फुटायची माझी!”

दुपारच्या तालमीआधी एझ्रानं थर्मन आणि डॅब्नीला समोरासमोर बसवलं.

“थर्मन, घरी तू तिथे थांबायचास?”

थर्मन खाली बघत म्हणाला, “लव्हिनिया आजारपणात पडल्या पडल्या गुणगुणायची. दम पुरायचा नाही. ती श्वास घेईपर्यंत मी थांबायचो. ती गेली, मग मला तिथे थांबवेना.”

“म्हणजे बँडला थांबा शिकवलाच नाहीस. कोरिनलाही नाही. चोरानं धून तुझ्या घरातली उचलली, लव्हिनिया जिवंत असतानाची.” एझ्रा वळला. “डॅब्नी, छत बडवायचं का सोडलंस? कान लावून बसायचास ना?”

डॅब्नीनं ट्रम्पेट खाली ठेवलं.

“एक पैसा घेतला नाही मी. फुकट दिली. एकच अट घातली, नाव बदला. आधी माझी होती ती! ह्याच्या पियानोमागे उभं राहून मी जन्मभर तिचं नाव वाजवायचं?”

“आणि थांबा?”

“मला वाटलं, तो धुनेचाच आहे. ह्यानं बँडमध्ये काढून धून बिघडवली.” त्यानं थर्मनकडे पाहिलं. “तिचा श्वास होता?”

थर्मन पियानोपाशी जाऊन बसला.

डॅब्नीनं संघटनेपुढे कबुली दिली. त्या बँडच्या रेकॉर्डवर बांधणारा म्हणून थर्मनचं नाव आलं. पण तोवर ‘चांदणी रात्र’ शिकागोपर्यंत नाचघरांत पोचली होती. रेकॉर्ड कंपनी धुनेचं नाव बदलायला तयार झाली नाही.

पुढे ती धून कितीतरी बँडांनी वाजवली. सगळे तिथे थांबतात.

लव्हिनियाचं नाव अजून एकाही रेकॉर्डवर नाही.