खोडलेल्या ओळीखालची टिंबं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मी यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

घडलं ते माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत. मार्च महिना, मंगळवार, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन. रात्र असती, दिवे गेलेले असते, तर मीच म्हटलं असतं की काका, झोपेत काहीतरी दिसलं असेल तुम्हाला. पण खोली त्यांची रोजची, लिहायची. खाली रस्त्यावर गाड्यांची वर्दळ...

आणि काका टक्क जागे होते.

काका म्हणजे खऱ्या गुन्ह्यांवर पुस्तकं लिहिणारे लेखक. आधी एका वर्तमानपत्रात कोर्टाच्या बातम्या द्यायचे. साक्षीदार फिरताना पाहून पाहून डोकं फिरलं आणि नोकरी सोडून लिहायला बसले. बारा पुस्तकं लिहिली. कुठे कंत्राटात हात ओले करणारे अधिकारी, कुठे सरकारी गुपितं परदेशात पोचवणारे हेर. काका मागे लागले म्हटल्यावर भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. काकू म्हणायची, "आम्हाला कोणी जेवायला बोलवत नाही गं. मीठ जास्त पडलं तर छापून येईल म्हणून घाबरतात."

सगळ्यात गाजलं ते आठवं पुस्तक. जहाजं बांधायच्या कारखान्यातला एक बडा साहेब युद्धनौकांचे नकाशे बाहेरच्या देशाला विकत होता. हे काकांना कळलं एका बाईमुळे.

ती नकाशांच्या प्रती काढायच्या खोलीत कामाला होती. काका तिला नकाशाबाई म्हणायचे. त्या जुन्या मशीनला अमोनिया लागायचा. वास असा की डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाकीचे खोकत खोकत काम करायचे. ही एकटीच नाकावर ओला रुमाल बांधायची. साहेब कुठल्या नकाशाची एक प्रत जास्त काढून घेतो, ते तिने सहा महिने टिपून ठेवलं आणि काकांना आणून दिलं.

तिची अट एकच होती.

"मी कोण ते कळता कामा नये. साहेब मला जिवंत ठेवायचा नाही."

"माझ्यावर सोडा," काका म्हणाले.

"नाही सोडत. छापायच्या आधी मी स्वतः वाचणार."

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. छापखान्यातून प्रुफं आली की काका ती एकट्याने तपासत नसत. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने लाल पेन घेऊन प्रुफावर नजर ठेवायची. म्हणजे कानावर पडायचं ते असं: "साहेब उठला स्वल्पविराम दार लावलं पूर्णविराम." लहानपणी आम्ही भावंडं हे ऐकून पोट धरून हसायचो.

आता नाही हसू येत.

त्या पुस्तकाला वाचायला नकाशाबाई बसली. पहिली पाळी सुटली की ती यायची, रोज चारला. सपाट आवाजात, एका लयीत वाचायची. पान एकशे बारावर मात्र थांबली. तिथे वाक्य होतं... "ही माहिती देणारी व्यक्ती नाकावर ओला रुमाल बांधून काम करत असे."

"हे काढा," ती म्हणाली.

काकांनी तिच्यासमोर त्या ओळीवर लाल रेघ मारली. तिने ती डोळ्यांनी पाहिली आणि निर्धास्त होऊन घरी गेली.

काका एकटे उरले. पान पुन्हा वाचलं. तो रुमाल गेला आणि सगळं प्रकरणच बेचव वाटायला लागलं. ती एक ओळ वाचली की वाचकाला पटायचं, हा माणूस त्या खोलीत उभा राहून आलाय. लेखकाला अशी ओळ सोडवत नाही. आणि प्रुफात खोडलेलं परत ठेवायचं असेल तर पुन्हा लिहावंही लागत नाही. खोडलेल्या शब्दांखाली नुसती टिंबं द्यायची. छापखान्याला कळतं... आहे तसं ठेवा.

काकांनी टिंबं दिली.

पुस्तक आलं. नवव्या दिवशी नकाशाबाई त्याच खोलीत मरून पडलेली सापडली. दार बंद होतं आणि अमोनियाचा कॅन फुटलेला. सगळ्यांनी अपघात म्हणून हात झटकले.

तिचा रुमाल खिळ्याला टांगलेला होता.

कोरडा.

इतक्या वर्षांत ती तो भिजवायला एकदाही विसरली नव्हती.

साहेबाने तिला रुमालावरून ओळखलं, पण तो रुमाल त्याच्या हातात दिला माझ्या काकांनीच.

काका गप्प राहिले. साक्ष द्यायला बाईच उरली नाही, त्यामुळे साहेब चौकशीतून सहीसलामत सुटला. पुस्तकाच्या मात्र आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुरस्कार मिळाला. भाषणात काका म्हणायचे, "माझ्याकडे आलेल्या माणसाचं नाव माझ्याबरोबरच जाईल." लोक टाळ्या वाजवायचे.

एकोणीस वर्षं अशीच गेली. मग त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं आणि त्या मंगळवारी प्रुफं आली.

काकू बहिणीकडे गेली होती. वाचायला कोणी नव्हतं म्हणून काका एकटेच तपासायला बसले. दहा-बारा पानं झाली असतील...

वास आला.

आधी त्यांना वाटलं, खाली कोणीतरी फरशी धुतंय. मग डोळे चुरचुरायला लागले. ते खिडकी उघडायला उठले. खिडकी उघडीच होती.

आणि मागून आवाज आला...

"...साहेब उठला स्वल्पविराम दार लावलं पूर्णविराम."

काका जागच्या जागी थिजले. रेडिओ बंद. फोन बंद. समोरच्या खुर्चीत कोणी नाही. पण आवाज तिथूनच येत होता. सपाट, एका लयीत. पान संपलं की क्षणभर थांबायचा, आणि टेबलावरचं प्रुफाचं पान आपोआप उलटायचं.

दाराकडे जायचं म्हटलं तरी पाय उचलेनात. काका मुकाट खुर्चीत बसले. हातात लाल पेन. नजर प्रुफावर. दुसरं काय करणार?

पान एकशे दहा.

एकशे अकरा.

एकशे बारा...

आवाज थांबला.

खालच्या गाड्यांचा आवाजही थांबला होता.

"काढतो," काका पुटपुटले. "आत्ता काढतो, बाई." त्यांनी त्या ओळीवर रेघ मारली. एकदा नाही, तीनदा.

मग त्यांच्या डोळ्यांदेखत ओळीच्या खाली पाण्याचा एक थेंब उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा... सारख्या अंतरावर, सरळ रेषेत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. वरून काहीच गळत नव्हतं.

आहे तसं ठेवा.

"मग काय करू?" काका ओरडले.

अगदी कानाशी, ओल्या कापडाआडून यावा तसा आवाज आला.

"पुढे लिहा."

काकांनी लिहिलं. एक अख्खं पान. तिने काय मागितलं, त्यांनी काय कबूल केलं आणि ती गेल्यावर काय केलं, सगळं. शेवटचा पूर्णविराम दिला आणि वास एकदम नाहीसा झाला. खाली गाड्या वाजायला लागल्या.

इथवर ठीक होतं हो. पण सकाळी काकांचं डोकं ताळ्यावर आलं. बारा पुस्तकं, एवढं नाव... एका पानापायी सगळं मातीत जाणार. शिवाय आता सांगून ती थोडीच परत येणार होती? असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्या पानावर त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. ते फाडून का टाकलं नाही, हे त्यांना आजही सांगता येत नाही. पुडकं बांधलं आणि प्रकाशकाकडे पाठवून दिलं.

पुस्तक छापून आलं, कबुलीच्या पानासकट.

काकांनी प्रकाशकाला फोन करून आकाशपाताळ एक केलं. तो बिचारा गोंधळून गेला. "अहो, फुली तुमची, पण प्रत्येक ओळीखाली टिंबंही तुमचीच ना? जरा ओलसर होती, पण टिंबंच होती. म्हणून ठेवलं."

मग जे झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. पुरस्कार परत घेतला गेला. जुन्या खबऱ्यांचे, त्यांच्या बायकामुलांचे फोन यायला लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आमचंही काही तसंच ठेवलंय का तुम्ही?" इतरांची पापं चव्हाट्यावर मांडण्यात ज्या माणसाने हयात घालवली, त्याच्याकडे आता साधा दूधवाला बघेना.

पोलिसांनी जुनं प्रकरण पुन्हा उघडलं. एका दुपारी ते साहेबाच्या बंगल्यावर गेले. दार आतून बंद होतं. तोडून आत गेले तर म्हातारा आरामखुर्चीत गेलेला. डोळे उघडे, लालभडक. खोलीत उभं राहवेना असा वास. घरात अमोनियाची साधी बाटलीसुद्धा सापडली नाही.

दाराजवळच्या खिळ्याला एक रुमाल होता... ओला.

मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, फिटलं तिचं.

पण नाही फिटलं. काका आजही रोज चारला लाल पेन घेऊन बसतात. वास येतो आणि वाचन सुरू होतं, पान एकपासून. एकशे बारावर थांबतं. काका रेघ मारतात. थेंब उमटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पान एक. एकदा काकूने त्यांना बहिणीकडे नेऊन ठेवलं. तिथेही चारला तेच. काकूला काही ऐकू येत नाही, पण तिचे डोळे मात्र चुरचुरतात.

हे सगळं मी लिहून काढलं आणि छापील कागद काकांना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला. एका वाक्यावर बोट ठेवलं, साहेबाच्या हातात रुमाल दिला माझ्या काकांनीच, त्यावर.

"अगं, तेवढं काढ. लोक बाकी सगळं विसरतील आणि हेच लक्षात ठेवतील."

म्हातारा माणूस, मला दया आली. त्यांच्यासमोरच मी पेन्सिलीने ते वाक्य खोडलं. घरी आले, कागद टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटं झाली असतील.

परत आले तर...

माझ्या घरी मी एकटी राहते. छत गळत नाही. ग्लास, बाटली, टेबलावर काहीच नव्हतं.

ते वाक्य मी वर तसंच राहू दिलंय. दुपारपासून सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात, पण डोळ्यांची चुरचुर काही थांबत नाही.