धोंडूबाईंना घ्यायला कोण गेलं होतं?

हे वाचून मला कोणी खोटारडी म्हटलं तरी चालेल. पण घडलं ते घडलं. माझ्या मावसबहिणीच्या, कृतिकाच्या बाबतीत घडलं, आणि तिनेच मला हे लिहायला सांगितलं. ती स्वतः लिहायला बसली की दोन ओळींवर तिचा हात थांबतो.

मागच्या वर्षीचा मे. सोमवार. जागा, अर्नाळ्याचं बेट. किनाऱ्यावरून बोटीने जेमतेम दहा मिनिटं.

टीव्हीवर दोन दिवस एकच नकाशा होता. शनिवारी लक्षद्वीपच्या बेटांच्या रांगेवर फिरणारा पांढरा भोवरा. रविवारी तो गोव्यासमोर आला. सोमवारी आमचा नंबर.

माझी आई, लतिका, बेटावर अंगणवाडी चालवते. आम्ही राहतो आगाशीला, ती रोज बोटीने जा-ये करते. त्या दिवशी वरून हुकूम आला, म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि लहान पोरं चारच्या आत किनाऱ्यावरच्या शाळेत हलवा. यादी आईकडे होतीच.

कृतिका तेव्हा सुट्टीत आमच्याकडे होती. नुकतीच वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आलेली, त्यामुळे बाईसाहेबांचा रुबाब काही विचारू नका. "मलाही ने" म्हणून तिने आईचं डोकं खाल्लं. मला ताप होता, मी घरी.

आईने तिला यादीतलं एक पान दिलं. अकरा घरं. दारात जायचं, निरोप द्यायचा, माणूस बंदरावर पाठवायचं आणि नावापुढे खूण करायची.

दहा घरं तिने धडाक्यात केली.

अकरावं घर धोंडूबाईंचं. किल्ल्याच्या पलीकडच्या टोकाला, किनाऱ्यावरून दिसणाऱ्या माडांखाली, एकटंच. म्हातारी सत्तरीच्या पुढची. कानाने अधू, म्हणजे भोंग्यावरची सूचना तिला ऐकू जाण्यातली नव्हती.

कृतिका निघाली होती. खरंच निघाली होती.

पण किल्ल्याच्या दरवाज्यापाशी वारा असा सुटला होता, मागे लाटा अशा उसळत होत्या, की तिने फोन काढला. एकच व्हिडिओ, म्हणाली. पहिल्यात केस तोंडावर आले. दुसऱ्यात आवाज गेला. सातवा बरा आला.

तेवढ्यात बोटीची शिट्टी झाली. शेवटची फेरी.

धोंडूबाईंकडे जाऊन यायला वीस मिनिटं तरी लागली असती.

कृतिकाने पेन काढलं... आणि अकराव्या नावापुढे खूण केली.

बोटीत आईने विचारलं, धोंडूबाई दिसत नाहीत त्या?

"सांगितलं त्यांना. भाच्याबरोबर येते म्हणाल्या."

भाच्याची, चंद्रहासची, स्वतःची बोट होती. आईला ते पटलं.

सहाच्या सुमाराला शाळेत दीडशे माणसं झाली होती. बाहेर पत्रे कडाडत होते. वीज केव्हाच गेली होती. दारातून आत येणारा प्रत्येकजण नखशिखांत भिजलेला.

चंद्रहास आला. एकटाच.

"लतिकाताई, माझी आत्या कुठे बसलीय?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग कृतिकाकडे.

कृतिका सांगते, तिच्या जिभेवर खरं आलं होतं. पण सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. ती एवढंच पुटपुटली, की त्या येते म्हणाल्या होत्या.

चंद्रहास धावत बंदरावर गेला. चौघांनी धरून त्याला परत आणलं. भरती चढली होती, लाटा धक्क्यावरून पलीकडे पडत होत्या. बोट लोटली असती तर त्याच्यासकट फुटली असती. तो भिंतीला डोकं टेकून बसला. आधीच शाळेत आलेली त्याची बायको रडायला लागली.

कृतिका कोपऱ्यात. मांडीवर ते पान.

खूण खोडावी असं तिला वाटत होतं. खोडून काय होणार होतं?

आणि मग...

दारावर थाप पडली.

एकच. हळू.

चंद्रहासने कडी काढली. बाहेर धोंडूबाई उभ्या होत्या.

एकट्या.

लोक ओरडले, रडले, कोणी त्यांना चादर द्यायला धावलं. आईने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि स्वतःचा तळवा बघितला.

लुगडं कोरडं होतं.

केस कोरडे. पाय कोरडे.

फक्त डावं मनगट ओलं. त्यावरून पाणी ठिबकत होतं... थेंब, थेंब. आणि चार बोटांचे पांढरेफटक वळ.

चंद्रहासने कानाशी ओरडून विचारलं, कोणाच्या बोटीतून आलीस? एकही बोट सुटली नव्हती, हे तो स्वतः बघून आला होता.

"बोट कुठली? चालत आले. पानी घोट्याएवढंच होतं."

भरतीला तिथे दोन पुरुष पाणी असतं. वादळाचं मी सांगत नाही.

मग धोंडूबाईंनी आईचा हात धरला. "तुझी भाची लय जिद्दीची गं. मी नको नको म्हनते, तर मनगट सोडीना."

सगळ्यांनी वळून कृतिकाकडे पाहिलं. कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. चंद्रहास तर तिच्या पाया पडायला वाकला.

धोंडूबाईंचं लक्ष आत्ता तिच्याकडे गेलं. त्यांचा चेहरा उतरला.

"तू... तू कवा पोचलीस? मी तर तुला घरात सोडून आले."

चंद्रहास वाकलेला सरळ झाला.

"म्हनालीस ना, तू पुढं हो. मी थांबते इथं. कोनी बोलवायला येतं का बघते."

म्हातारीला धसका बसलाय, असं सगळ्यांनी ठरवलं. चार वाजताच कोणाच्या तरी बोटीतून ती आली असेल, तिलाच आठवत नसेल, काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी बेटावर गेलेल्यांनी सांगितलं, माड पडून धोंडूबाईंचं घर आडवं झालंय. आत कोणी असतं तर वाचलं नसतं.

अकराही घरांना निरोप पोचवला म्हणून पंधरा ऑगस्टला कृतिकाचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. भाषण तिने सुंदर केलं. मी टाळ्या वाजवल्या, मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

त्या रात्रीपासून तिने जेवण सोडलं. चौथ्या दिवशी तिने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, आधी धोंडूबाईंना सांग.

त्या आता चंद्रहासकडे, किनाऱ्यावर राहतात. आम्ही गेलो तेव्हा अंगणात बोंबील उलटवत होत्या. कृतिकाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. व्हिडिओ, पेन, खूण, सगळं.

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "ती कोन होती ते म्हाईत नाय. पन ती आली. तू नाय आलीस."

कृतिका रडली. म्हातारीने तिला रडू दिलं.

मी घाबरत त्यांच्या कानाशी विचारलं, मग ती आता कुठे असेल?

"तिथंच. जाईल कुठं? तिला बोलवायला अजून गेलंय कोन?"

यावर आम्ही दोघी हसलो नाही, एवढंच सांगते.

तेव्हापासून कृतिका सुट्टी लागली की येते, बंदरावर जाते, आणि वारा जास्त आहे म्हणून परत फिरते. तीन वेळा झालं. मी तिला भित्री म्हणायचे.

गेल्या रविवारी म्हटलं, चल, मी येते बरोबर. लख्ख ऊन होतं. समुद्र अगदी शांत. संध्याकाळचे पाच. कृतिका बोटीत चढलीसुद्धा आणि तिने मला वर घ्यायला हात पुढे केला.

मी समोर बेटाकडे पाहिलं. माडांच्या खाली, जिथे आता घर नाही तिथे, कोणीतरी उभं होतं. लांबून तोंड दिसत नव्हतं.

पण उंची कृतिकाची नव्हती, तिच्याहून वीतभर जास्त...

माझी होती.

मी येते म्हटलं होतं, पण मी हात धरला नाही. बोट निघून गेली. कृतिका एकटी गेली आणि तासाभराने एकटीच परत आली. काही दिसलं नाही, म्हणाली. त्यावर ती एक अक्षर जास्त बोललेली नाही.

आणि मी काय पाहिलं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.